नरसिंहपूर ते बारामती : सामायिक भाड्याच्या घराचा हिशेब

विशेष प्रतिनिधी

नीरा आणि भीमा या नद्यांच्या संगमावर वसलेले नरसिंहपूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे गाव. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा सुरू होतो. लक्ष्मी-नृसिंह हे महाराष्ट्रातील अनेक घराण्यांचे कुलदैवत असल्यामुळे कुळाचारासाठी आणि वैशाखातील नृसिंह जयंतीच्या उत्सवासाठी परगावचे लोक येथे येत असतात, आणि आलेल्याला रात्रीचा निवारा देण्याची रीत अशा क्षेत्राच्या गावांच्या अंगवळणी पडलेली असते. निवाऱ्याचा दुसरा प्रवाह मात्र उलट दिशेने वाहतो. या गावची, आणि इंदापूर तालुक्यातील अशा अनेक गावांची मुले-मुली दहावी-बारावीनंतर शिक्षणासाठी व पुढे नोकरीसाठी बाहेर पडतात आणि इंदापूर, अकलूज, बारामती किंवा पुणे येथे खोली शोधू लागतात.

यात बारामतीचा वाटा मोठा आहे. येथे १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आणि १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान ही संस्था स्थापन झाली. पुढे औद्योगिक वसाहतीत पिआजिओसारखे तीनचाकी वाहनांचे, दुग्धप्रक्रियेचे आणि पोलादाचे कारखाने आले, कापड उद्योगाचे संकुल उभे राहिले आणि २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. वसतिगृहांतील जागा मर्यादित असतात. त्यामुळे उरलेले विद्यार्थी, कारखान्यातील प्रशिक्षणार्थी, परिचारिका व तरुण कामगार खासगी घरमालकाच्या दारात येतात. हा घरमालक बहुधा मोठा विकासक नसतो. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून वरचा मजला चढवणारा शिक्षक, बंगल्यामागे चार खोल्या काढणारा बागायतदार किंवा कर्ज काढून सदनिका घेणारा नोकरदार हाच या व्यवहारातील गुंतवणूकदार आहे.

वरवर पाहता हा विटा-सिमेंटचा आणि मासिक भाड्याचा व्यवहार वाटतो. प्रत्यक्षात गावाकडच्या मुलीचे शिक्षण पुढे चालू राहणार की नाही, हे पुष्कळदा महाविद्यालयातील प्रवेशाइतकेच सुरक्षित खोली मिळण्यावर ठरते. आणि घरमालकाचे कर्ज फिटणार की नाही, हे ती मुलगी त्या खोलीत तीन वर्षे टिकते की तीन महिन्यांत सोडून जाते यावर ठरते. सामायिक भाड्याच्या घरात माणसे सांभाळणे हाच गुंतवणुकीचा गाभा कसा आहे, याची माहिती या लेखात घेतली आहे.

सामायिक घर म्हणजे काय?

एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या अनेकांनी एकच घर वापरणे, प्रत्येकाने आपापल्या जागेपुरते भाडे देणे आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर, व्हरांडा सर्वांनी मिळून वापरणे, अशी ही पद्धत आहे. बोलीभाषेत तिला ‘कॉट बेसिस’ म्हणतात. ‘पेइंग गेस्ट’ किंवा ‘पीजी’ हा शब्द सरसकट वापरला जातो. मात्र महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्यात ‘पेइंग गेस्ट’ला विशिष्ट अर्थ आहे. जागा देणारा स्वतः ज्या घरात राहतो, त्याच घराचा काही भाग परवान्याने वापरणारी व्यक्ती, असा तो अर्थ. मालक पुण्यात आणि घर बारामतीत असेल, तर फलकावर काहीही लिहिलेले असले तरी ती व्यवस्था कायद्याच्या अर्थाने ‘पेइंग गेस्ट’ ठरत नाही.

गाळा, खाणावळ आणि कूड

‘पीजी’ हे नाव नवे असले, तरी मराठी माणसाला ही पद्धत शंभर वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले एकाच गावचे पुरुष मिळून चाळीतील एक खोली घेत. या खोलीला गाळा म्हणत. भाडे सर्वांत वाटले जाई. गिरण्या पाळ्यांमध्ये चालत असल्याने एक कामावरून परते तेव्हा दुसरा कामावर निघालेला असे, आणि त्यामुळेच अपुऱ्या जागेत इतकी माणसे सामावत. जेवण शेजारच्या खाणावळीत. खाणावळ चालवणारी बाई महिनाभर उधारीवर जेवू घाली आणि पगाराच्या दिवशी हिशेब चुकता होई. या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. भाड्याच्या खोलीची व्यवस्था खोलीच्या चार भिंतींबाहेरही किती दूरवर पसरलेली असते, याचे हे उदाहरण आहे.

गाळ्याची खरी ताकद ओळखीत होती. नवा येणारा गावातील कोणाचा तरी भाऊ किंवा भाचा असे. भाडे थकवून पळून जाणे म्हणजे गावी तोंड दाखवायला जागा न उरणे. आजारपणात गाडीभाडे काढून घरी पोहोचवणारेही हेच लोक. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर असंख्य कामगारांना मुंबई सोडून गावी परतावे लागले, तेव्हा या गाळ्यांच्या जगालाही ओहोटी लागली.

गोव्यातील ख्रिस्ती समाजाने मुंबईत उभी केलेली ‘कूड’ ही व्यवस्था याहून शिस्तबद्ध होती. धोबी तलाव, माझगाव या भागांत गोव्यातील एकेका गावाच्या नावाने असे क्लब स्थापन झाले; धोबी तलावच्या जेर महाल या इमारतीत ते आजही पाहायला मिळतात. जहाजावर नोकरी करणारे खलाशी, आचारी, वादक येथे नाममात्र शुल्कात राहात. प्रत्येकाची एक पेटी भिंतीशी ठेवलेली, रात्री अंथरूण जमिनीवर, गावच्या संताची वेदी आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना. माणूस सहा-आठ महिने समुद्रावर गेला तरी त्याची पेटी जागेवर राही. आजच्या पीजीमालकाने या पेटीकडे अवश्य पाहावे. मे महिन्यात गावी जाणाऱ्या विद्यार्थ्याला सामान ठेवू देण्यास नकार देणारे अनेक मालक जूनमध्ये नव्या भाडेकरूच्या शोधात दलालाला महिन्याचे भाडे देऊन बसतात.

या दोन्ही व्यवस्थांतील उणिवा उघड होत्या. गर्दी प्रचंड, स्वच्छता जेमतेम आणि स्त्रियांना जवळपास जागाच नाही. त्यांचे गोडवे गाताना हे विसरता येत नाही.

इंदापूर तालुक्यातच निवाऱ्याचा वेगळा प्रयोग झाला, तोही नीरेच्याच खोऱ्यात. कळंब गावाच्या परिसरात उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना काढला आणि त्याभोवती वालचंदनगर ही कामगारांची वसाहत वसवली. ओसाड माळावर माणसे आणून टिकवायची तर आधी घरे, शाळा आणि दवाखाना हवा, हे गणित त्यामागे होते. अर्थात, कंपनीच्या घराला एक मर्यादा असते. नोकरी गेली की छप्परही जाते.

पाच टक्क्यांवर चाललेली घरे

भाडेकरूंची काळजी घेऊनही घर फायद्यात चालवता येते, हे पद्धतशीरपणे प्रथम दाखवून दिले ते लंडनच्या ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी. १८६५ च्या सुमारास विचारवंत जॉन रस्किन यांनी मेरिलबोन भागातील तीन मोडकळीस आलेली घरे घेतली आणि ती चालवण्यासाठी हिल यांच्या हाती सोपवली. अट अशी की गुंतवणुकीवर पाच टक्के परतावा मिळाला पाहिजे. रस्किन यांना हे दान म्हणून नको होते. परतावा मिळाला तर इतर लोकही अशा घरांत पैसे घालतील, असा त्यांचा विचार होता.

हिल यांची पद्धत साधी आणि करारी होती. भाडे दर आठवड्याला स्वतः किंवा प्रशिक्षित सहकारी स्त्रियांमार्फत दारात जाऊन घ्यायचे. त्या निमित्ताने घराची आणि माणसांची स्थिती कळे. थकबाकी अजिबात चालू द्यायची नाही, परंतु दुरुस्तीही लांबणीवर टाकायची नाही. प्रत्येक घराच्या दुरुस्तीसाठी ठरावीक रक्कम बाजूला काढली जाई, आणि मोडतोड कमी होऊन त्यातून काही उरले, तर ते भाडेकरूंना हव्या असलेल्या सोयीवर खर्च केले जाई. खिडकीची काच फुटली तर आपल्याच पैशाची हानी होते, हे भाडेकरूला कोणी उपदेश न करता समजे. भाडेकरूंच्या वागणुकीवर जरा जास्तच देखरेख ठेवल्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली, आणि ती गैर नव्हती. मात्र दुरुस्ती-निधीतील शिल्लक भाडेकरूंच्या मर्जीने खर्च करण्याची त्यांची युक्ती बारामतीतील बारा कॉटच्या घरातही जशीच्या तशी चालू शकते.

बारा कॉटचे गणित

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्यक्ष दर गावागणिक आणि वस्तीगणिक बदलतात. समजा, एका मालकाने १५ लाख रुपयांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी काढून चार खोल्यांचा मजला बांधला. त्याचा मासिक हप्ता सुमारे १५,२१४ रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे १,८२,५७० रुपये. प्रत्येक खोलीत तीन, अशा बारा कॉट, आणि प्रत्येक कॉटला २,५०० रुपये भाडे. कागदावर महिन्याला ३०,००० रुपये दिसतात. तथापि विद्यार्थ्यांचे वर्ष दहा महिन्यांचे असते. तेव्हा वार्षिक उत्पन्न ३,००,००० रुपयेच धरावे. हप्ता वजा जाता सुमारे १,१७,४३० रुपये उरतात. सामायिक वीज, पाणी, झाडलोट करणाऱ्या बाईंचा पगार, प्लंबर आणि रंगरंगोटी यांना महिन्याला सरासरी ६,००० रुपये धरले, तर त्यात ७२,००० रुपये जातात. घरपट्टी आणि विमा मिळून ८,००० रुपये. शिल्लक राहिली सुमारे ३७,४३० रुपये.

एक कॉट वर्षाला २५,००० रुपये देते. म्हणजे संपूर्ण मजल्याचा नफा जेमतेम दीड कॉटचा आहे. दोन कॉट वर्षभर रिकाम्या राहिल्या, तर हिशेब तोट्यात जातो.

या ठिकाणी मालकापुढे दोन मार्ग असतात. पहिला म्हणजे प्रत्येक खोलीत चौथी कॉट घालायची. कागदावर वर्षाला एक लाखाची भर पडते. पण बारा माणसांसाठी बांधलेल्या दोन न्हाणीघरांसमोर आता सकाळी सोळा जण उभे राहतात, टाकीतील पाणी नऊ वाजता संपते, अभ्यासाचे टेबल कॉटखाली जाते आणि ज्यांना परवडते ते पहिल्या सत्रानंतर घर सोडतात. मागे राहतात ते नाइलाजाने राहिलेले, आणि त्यांचे भाडे थकू लागते. दुसरा मार्ग म्हणजे आहेत ती माणसे टिकवायची. बिघडलेला पंप त्याच दिवशी दुरुस्त करणे, प्रत्येकाला कुलूप लागणारे कपाट देणे, मे-जूनसाठी अर्धे भाडे घेऊन जागा राखून ठेवणे यांवर वर्षाकाठी दहा-पंधरा हजार रुपये खर्च होतील. आणि बारा जणांनी दोन महिन्यांचे अर्धे भाडे दिले, तर ३०,००० रुपये परत येतील. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते दुसरा मार्ग निवडायला फार मोठ्या परोपकारबुद्धीची गरज नाही, साधी वजाबाकी यायला हवी.

प्राप्तिकराबाबत थोडक्यात सांगायचे, तर नुसत्या भाड्याचे उत्पन्न सर्वसाधारणपणे गृहसंपत्तीचे उत्पन्न समजले जाते आणि भरलेली घरपट्टी वजा केल्यानंतर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. जेवण, धुलाई अशा सेवाही दिल्या, तर ते व्यवसायाचे उत्पन्न ठरू शकते. तेव्हा सनदी लेखापालाचा सल्ला घेणे इष्ट. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत जुलै २०२४ पासून, दरडोई दरमहा २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला सूट आहे. तालुक्याच्या गावातील कॉट या मर्यादेच्या बऱ्याच खाली असते.

बंद घरे आणि अकरा महिन्यांचा समज

२०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. खोलीसाठी माणसे वणवण करीत असताना घरांना कुलपे का, याचे एक उत्तर महाराष्ट्राच्या भाडे कायद्याच्या इतिहासात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. हेतू भाडेकरूच्या रक्षणाचा होता, आणि त्याशिवाय लाखो कुटुंबे रस्त्यावर आली असती. पण वर्षानुवर्षे भाडे गोठल्याने मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले, पागडीचा समांतर व्यवहार वाढला आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी शेवटी शासनालाच मंडळ स्थापन करावे लागले. १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला परवान्याने राहात असलेल्यांनाही संरक्षित भाडेकरूचा दर्जा मिळाला. ‘भाड्याने दिलेले घर परत मिळत नाही’ ही मध्यमवर्गाच्या मनातील धास्ती तेव्हापासूनची.

३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने हे चित्र बरेच बदलले. ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि त्याला दुप्पट शुल्काने भरपाई द्यावी लागते. याच कायद्याने करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे केले. त्याची जबाबदारी मालकावर आहे; नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. इतकेच नव्हे, तर वाद झाल्यास कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा नसेल तर, ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, हा समज एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची करणाऱ्या जुन्या केंद्रीय नोंदणी कायद्यातून आला आहे. हा कायदा लागू असलेल्या महाराष्ट्रातील भागांत तो समज चुकीचा आहे, तरीही नुसत्या स्टॅम्पपेपरवर सही करून मोकळे होणारे दोन्ही बाजूंना सर्रास आढळतात. आता ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन करता येते आणि मुद्रांक शुल्काचा दर पाव टक्का इतका कमी आहे.

कॉट बेसिसच्या घरात करार कोणाशी करावा, हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. तिघांनी मिळून एकच करार केला आणि त्यांपैकी एक मध्येच निघून गेला, तर त्याचा वाटा उरलेल्या दोघांच्या गळ्यात पडतो आणि मैत्रीसकट सगळेच मोडते. प्रत्येक कॉटचा स्वतंत्र करार केल्यास खर्च थोडा वाढतो, पण रिकाम्या जागेची जोखीम जिथे असायला हवी तिथे, म्हणजे मालकाकडे, राहते. अकरावी-बारावीसाठी आलेला विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतो. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल असल्याने सही आई-वडिलांची हवी. भाडेकरूची माहिती स्थानिक पोलिस ठाण्याला देण्याचे कामही त्याच वेळी उरकून घ्यावे.

घर चालवताना

सामायिक घरातील भांडणे मोठ्या कारणांवरून क्वचितच होतात. पंखा कोणी चालू ठेवला, गाळणीत चहाची पूड कोणी सोडली, रात्री एक वाजता फोनवर कोण बोलत होते, यावरून ती पेटतात. प्रत्येक खोलीला वेगळा सबमीटर बसवला की विजेचा निम्मा वाद मिटतो. महिन्याचे वाचन सर्वांसमोर घेऊन भिंतीवरील कागदावर लिहून ठेवावे. नियम थोडे असावेत, आणि ते खोली दाखवतानाच सांगावेत. सामान उतरवल्यावर सांगितलेला नियम भाडेकरूला फसवणूक वाटतो.

कामाच्या वाटणीबाबत पुण्याच्या विद्यार्थी सहाय्यक समितीचा अनुभव पाहण्याजोगा आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये सुरू झालेली ही संस्था ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांना अल्प शुल्कात निवास व भोजन देते आणि कामात त्यांचा सहभाग घेते. ‘कमवा आणि शिका’ ही तिच्या कार्यपद्धतीतील महत्त्वाची गोष्ट. खासगी मालकाला संस्था चालवायची नसते, हे खरे. तरीही एखाद्या ज्येष्ठ विद्यार्थ्याला भाड्यात सवलत देऊन टाकी, कचरा आणि किरकोळ तक्रारी यांची जबाबदारी दिली, तर परगावी राहणाऱ्या मालकाची सोय होते आणि त्या मुलाच्या घरचा भारही हलका होतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. बंद न्हाणीघरात बसवलेला गॅस गिझर ही जीवघेणी गोष्ट आहे. अपुऱ्या हवेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि आत असलेल्याला दार उघडण्याइतकीही शुद्ध राहात नाही. असा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत हवा. नाहीतर सौर किंवा विजेचा वापरावा. विजेचा असेल तर गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे उपकरण मुख्य फलकावर बसवणे आवश्यक आहे. खिडक्यांना जाळ्या बसवताना एक तरी आतून उघडणारी असावी आणि जिना सायकली व गाद्यांनी अडलेला नसावा. गच्चीला कायमचे कुलूप लावणारे मालक आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा एक मार्ग स्वतःच बंद करत असतात.

मुलींच्या घरांना रात्री आठचे बंधन हा नित्याचा वाद आहे. पालकांच्या समाधानासाठी ते घातले जाते, परंतु कारखान्यातील दुसरी पाळी किंवा रुग्णालयातील ड्यूटी आठला संपत नाही. परिणामी जिला खोलीची सर्वाधिक गरज असते, तीच नियमात बसत नाही. येण्याच्या वेळेची नोंदवही, जिन्यात दिवा, दाराला मजबूत कुलूप आणि अडचणीच्या वेळी फोन उचलणारी घरमालकीण यांनी जे साधते, ते कुलूपबंद फाटकाने साधत नाही. केंद्र शासनाची नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची योजना १९७२-७३ पासून आहे. पण तालुक्याच्या गावात नोकरीसाठी आलेल्या मुलीला बहुधा खासगी खोलीच शोधावी लागते.

आडनाव विचारणारा प्रश्न

खोली पाहायला आलेल्याला भाडे परवडेल का, यापूर्वी आडनाव विचारले जाते, हा अनेकांचा अनुभव आहे. ‘आम्ही व्हेज आहोत’, ‘बॅचलरना देत नाही’, ‘आमच्या गल्लीत चालत नाही’ अशा सभ्य शब्दांत दलित, मुस्लिम, भटक्या-विमुक्त समाजातील मुलांना आणि एकट्या स्त्रियांना परत पाठवले जाते. शिकायचे असूनही शहरात राहायला जागा नाही, या अडचणीवर महाराष्ट्राने पूर्वीच उत्तर शोधले होते. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे निघाली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात तर सर्व जातींची मुले एकत्र राहात, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. शंभर वर्षांनंतर त्याच महाराष्ट्रात कॉट देताना आडनाव विचारले जावे, हे लाजिरवाणे आहे. व्यवहाराच्या बाजूनेही, ज्याला दुसरीकडे जागा नाकारली गेली आहे असा भाडेकरू मिळालेले चांगले घर सहजासहजी सोडत नाही.

अनामत रक्कम

मालक आणि भाडेकरू यांच्यातील सर्वाधिक कटुता शेवटच्या दिवशी, अनामत परत करताना येते. रंगाचे, गादीचे, फुटलेल्या नळाचे पैसे कापून हाती उरलेली रक्कम ठेवली जाते आणि बसची वेळ झालेला विद्यार्थी ती घेऊन निघून जातो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकी मर्यादित ठेवली आहे. हा नमुना कायदा आहे आणि राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. पण मर्यादा म्हणून तो आकडा वाजवी आहे. आमच्या उदाहरणातील घरात ती रक्कम ५,००० रुपये होईल. शेतीवर गुजराण करणाऱ्या कुटुंबासाठी ती लहान नाही, आणि अनेकदा धाकट्या भावंडाच्या प्रवेशासाठी ती मोजून ठेवलेली असते.

यावर उपाय सोपा आहे. खोली ताब्यात देताना कपाट, गादी, पंखा, नळ, भिंती यांची यादी करावी, मोबाइलवर छायाचित्रे काढावीत आणि दोघांनी सह्या कराव्यात. सोडताना तीच यादी हातात घेऊन खोली पाहावी. वापराने होणारी सामान्य झीज मालकाने सोसायची आणि मोडतोड भाडेकरूने, असे करारात आधीच लिहावे. रक्कम किती दिवसांत परत मिळेल हेही लिहावे आणि ती बँक खात्यात जमा करावी, म्हणजे पुरावा राहतो. अनामतीचे पैसे घरखर्चात न मिसळता वेगळ्या बचत खात्यात ठेवणारा मालक एप्रिलअखेरीस बारा जणांपैकी पाच जण निघाले तरी त्यांचे २५,००० रुपये त्याच आठवड्यात देऊ शकतो. ते पाच जण गावी जातात तेव्हा पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची तयारी करणारी मुले तेथे खोल्यांची चौकशी करत असतात.